वीज वगळलेला अंदाज

विनायक भालेकर गेल्याचे मला सकाळी साडेआठच्या सुमारास कळले. मी गंगापूर रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिले होते, ‘भालेकर सर सूर्यप्रकाशात विलीन झाले.’ त्याखाली जोडलेल्या हातांची लांब रांग लागली होती. मग एकेकाच्या आठवणी सुरू झाल्या. सरांनी आम्हाला आभाळाकडे हसून बघायला शिकवले, सरांच्या हवामानाच्या चौकटीने आमचा दिवस उजाडायचा, सर म्हणजे चालते-बोलते निरभ्र आकाश... त्या सकाळी नाशिकमध्ये दाट धुके होते. दवाखान्याच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची इमारत दिसत नव्हती. मी ग्रुपवर काही लिहिले नाही. माझा नंबर पुकारला गेला आणि मी आत गेलो.

तीन आठवड्यांनी या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. त्या नव्या आहेत. भालेकरांना त्यांनी पाहिलेले नाही. “तुम्ही एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतात,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच लिहा. जरा हृद्य होऊ द्या.” मी म्हटले, घडले तसे लिहीन, नको वाटले तर छापू नका. “म्हणजे वाईट लिहिणार?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “म्हणजे घडलं तसं.” मग त्या म्हणाल्या, “पाठवा.”

आधी चांगले ते सांगतो, कारण ते खरे आहे. भालेकर मूळचे मनमाडचे, वडील रेल्वेत. मुद्रितशोधक म्हणून ते आमच्या दैनिकात लागले आणि वृत्तसंपादक म्हणून निवृत्त झाले. कामावर कधी उशिरा आले नाहीत. दिवाळीत त्यांच्या नावाने आलेले मिठाईचे खोके न उघडता शिपायांच्या टेबलावर जायचे. मला चार शब्दांत मथळा लिहायला त्यांनी शिकवले. विशेषणाआधी बातमी लिहावी, हेही त्यांनीच शिकवले. आवाज कधी चढवला नाही. कुणाच्या रजेचा अर्ज अडवला नाही. हे सगळे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे जे झाले ते लाचेमुळे, आळसामुळे किंवा अज्ञानामुळे झालेले नाही. एका नेमस्त, अभ्यासू आणि प्रामाणिक समजल्या जाणाऱ्या माणसाने ते रोज दुपारी, पूर्ण शुद्धीत केले.

पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात आमच्याकडे हवामानाची चौकट असायची. मी शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो त्या आठवड्यात भालेकरांनी ती मला करायला दिली. दुपारी हवामान खात्याचे पत्रक आले. थंडीच्या लाटेचा इशारा होता, मी तसे लिहून दिले. त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “हे कोण वाचणार?”

“वाचक.”

“कधी वाचणार?”

“सकाळी.”

“सकाळी काय करत असतो माणूस? चहा पीत असतो. चहाबरोबर आपण त्याला खारी द्यायची की लाट?” असे म्हणून त्यांनी माझे वाक्य खोडले आणि वर लिहिले, ‘गुलाबी थंडीचा मुक्काम वाढला.’ दुसऱ्या दिवशी निफाडच्या बाजूला पहाटे द्राक्षवेलींच्या पानांवर दवबिंदू गोठले, मणी तडकले. आमच्या चौकटीत त्याच्या पुढच्या दिवशी ‘निफाडकरांना घरबसल्या हिल स्टेशन’ असे होते. तेही त्यांनीच लिहिले होते.

हे एकदा-दोनदा झाले नाही. त्यांची ती पद्धत होती. पत्रकाची छापील प्रत काढायची, लाल शाईने खोडायची, वर नवे शब्द लिहायचे आणि मग ती टाइप करायला द्यायची. उष्णतेची लाट म्हणजे ‘लखलखीत ऊन, कुरडया-पापडांना उत्तम’. धुके म्हणजे ‘शहरावर दुधाळ शाल’. अतिवृष्टी म्हणजे ‘धरणांसाठी आनंदवार्ता’. गारपिटीच्या इशाऱ्याला त्यांनी एकदा ‘काही भागांत बर्फाळ सरी’ केले होते, आणि ते वाचून संध्याकाळी संपादकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली होती. मी समोर होतो. मीही हसलो होतो. शहरातून पत्रे यायची. सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींना ती चौकट फार आवडायची; एका काकूंनी तर वर्षभराची कात्रणे चिकटवलेली वही आणून दाखवली. भालेकरांनी ती वही टेबलावर आठवडाभर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

शेतीवर ज्यांचे पोट होते त्यांनी लवकरच दुसरी सोय काढली. दुपारी चार ते पाच माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. “साहेब, पेपरातलं नका सांगू, ते वाचलंय. खरं काय हाय ते सांगा.” मी मूळ पत्रक काढून वाचून दाखवायचो. विंचूरचे एक कांदा व्यापारी तर सुरुवातच अशी करायचे, “भाऊ, आज कविता नको. माल उघड्यावर पडलाय.” वर्षा-दोन वर्षांत हा रिवाजच झाला. ज्यांची कुणाशी ओळख होती, ज्यांच्याकडे आमचा नंबर होता, त्यांना पत्रक कळायचे. बाकीच्यांना चौकट. भालेकरांना हे ठाऊक होते. दोन टेबलांमध्ये हातभर अंतर होते, त्यांना प्रत्येक फोन ऐकू यायचा. एकदा ते म्हणाले, “बघा, ज्याला हवं त्याला मिळतंय. ज्याला नकोय त्याला कशाला टोचायचं?”

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की शहरात एकच प्रश्न असतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर? गुडघ्याला लागले की रामकुंडावरचे दुकानदार माल हलवतात, छातीला लागले की खालच्या गावांनी जनावरे सोडायची असतात. एका वर्षी धरणातून पाणी सोडण्याचा इशारा पत्रकात ठळक होता. चौकटीत आले, ‘दुतोंड्या मारुतीला गोदामाईचे मंगल स्नान’. सायखेड्याच्या पेठेतल्या लोकांना पाणी दुकानात शिरल्यावर कळले. मी भालेकरांना पहिल्यांदा विरोध केला तो त्या दिवशी. म्हटले, निदान विसर्गाचा उल्लेख ठेवायला हवा होता. ते शांतपणे म्हणाले, “नदीकाठी राहणाऱ्याला नदी कळते. त्याला आपण शिकवायचं नसतं.” मी पुढे काही बोललो नाही. माझ्यावर तेव्हा पहिल्या पानाच्या मांडणीची जबाबदारी नव्याने आली होती आणि ती मला टिकवायची होती.

आता मला माझ्या बहिणीबद्दल लिहावे लागेल. मंदा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दहावी झाल्यावर सायखेड्याच्या अलीकडच्या एका गावात तिचे लग्न झाले. नवरा रामनाथ, घरी सासू, अडीच एकर जमीन, त्यात टोमॅटो आणि दसऱ्यासाठी झेंडू. मी पेपरात म्हणून त्यांच्या घरी आमचा पेपर येई. सकाळी सातच्या गाडीने गठ्ठा यायचा आणि मंदा ओट्यावर बसून तो मोठ्याने वाचायची. सासूला अक्षरओळख नव्हती, रामनाथ हळू वाचायचा. नव्या सुनेला त्या घरात जी काही किंमत मिळाली ती या वाचण्यामुळे. सासू चुलीपाशी बसून म्हणायची, “वाच गं, काय म्हणतंय तुझ्या भावाचं आभाळ?” आणि मंदा सगळ्यात आधी हवामानाची चौकट वाचायची. तिने मला कधी चार वाजता फोन केला नाही. घरचा पेपर, त्यात खरेच असणार. दिवसाला पंधरा-वीस अनोळखी माणसांना मी मूळ पत्रक वाचून दाखवत होतो. तिला ते कधी सांगितले नाही. सांगायचे सुचले नाही, याहून चांगले कारण माझ्याकडे नाही.

अकरा वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीची ही गोष्ट आहे. दसऱ्याला झेंडू पहाटे नाशिकच्या बाजारात पोचावा लागतो, म्हणून आदल्या दिवशी तोडणी असते. त्या दिवशी सकाळपासून दमट होते. सासूने आभाळाकडे बघून मुलाला सांगितले, “रामा, दुपारच्या आत आवर. मला लक्षण बरं दिसत नाय.” सकाळी तोडलेली फुले रात्रीपर्यंत मलूल होतात, संध्याकाळी तोडलेली सकाळी टवटवीत राहतात, त्यामुळे रामनाथचा जीव संध्याकाळच्या तोडणीत होता. त्याने बायकोला विचारले, पेपर काय म्हणतो? मंदाने वाचले. काळजीचे काही नव्हते. उलट फूलतोडणीला दिवसभर हवा चांगली असे होते. ती म्हणाली, “आत्याबाई, पेपरात काय नाय. तोडू द्या की आरामात.” दुपारी तो जेवायला घरी आला. निघताना सासूने पुन्हा अडवले. मंदाने पुन्हा चौकट वाचून दाखवली. तो गेला. साडेतीनच्या सुमारास वारा सुटला, पावसाचे थेंब सुरू झाले, तसा तो फुलांचे क्रेट ओढत बांधावरच्या कडुनिंबाखाली नेऊन उभा राहिला. वीज त्या झाडावर पडली. फुले दुसऱ्या दिवशीही क्रेटमध्ये होती, भिजलेली, पण शाबूत.

चौकटीत जे छापले त्याचे पत्रक आदल्या दिवशी दुपारी आले होते. त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. मी हजर असतो तर ती ओळ वाचवली असती असा दावा मी करत नाही. तोवर मी बऱ्याच ओळी जाऊ दिल्या होत्या. दहाव्यानंतर कामावर गेलो तेव्हा संगणकावरचा पत्रकाचा मेल पुसलेला होता. पत्रकात काय होते हे मी हवामान खात्यात ओळखीच्या माणसाला विचारून तोंडी जाणून घेतले. विजेचा इशारा होता. झाडाखाली थांबू नये असेही होते.

दहाव्याला गावात वेगळीच चर्चा होती. विकास सोसायटीच्या ओट्यावर जो दुसरा पेपर येतो त्यात विजेचे होते. मग हिच्या भावाच्या पेपरात कसे नव्हते? नव्हते असे होईलच कसे? हिनेच वाचले नसणार. सणाच्या आधी माल पूर्ण तुटावा म्हणून हिनेच तेवढे गाळून वाचले असणार. सासू तेव्हापासून एकच वाक्य बोलते आणि प्रत्येक येणाऱ्याला बोलते, “माझा पोरगा घरी थांबत व्हता. हिनं पेपर वाचला न् धाडला.” त्या दिवशीचा अंक घरात नव्हता, त्याची पाने फुलांच्या क्रेटखाली घातली होती. मी कार्यालयातून त्या अंकाची प्रत नेली, चौकटीवर बोट ठेवले, शेजारच्या एका माणसाकडून वाचून घेतली. सासूने ऐकले. मग ती म्हणाली, “भाऊच पेपरात हाय. त्याला काय, रातीतून नवा छापून आणंल.” कुणीतरी हसले. त्या हसण्यानंतर मंदाला गावात ‘पेपरवाली’ म्हणू लागले. नळावर बायका विचारायच्या, “काय पेपरवाली, आज पाणी येईल का? वाच की.”

मंदाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. “दादा, मला दुसरं काही नको. एक ओळ छापून आण. वरून आलं व्हतं आणि तुमच्याकडं गळलं, एवढं. मी वाचलं ते बरोबर वाचलं. पेपरात आलं म्हणजे सगळ्या गावाच्या पेपरात येईल, माझ्या एकटीच्या नाय. मग आत्याबाईंनी कुणाकडूनही वाचून घ्यावं. मी नाय वाचणार.” त्या घरात तिने त्यानंतर मोठ्याने काही वाचलेले नाही.

आमच्याकडे चुकीची दुरुस्ती छापायची रीत होती. आडनाव चुकले, सभेचे ठिकाण चुकले, निधन झालेल्याचे वय चुकले तर दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर दोन ओळी यायच्या. मी दोन ओळी लिहून भालेकरांपुढे ठेवल्या. त्यांनी वाचल्या. माझी बहीण, माझा मेहुणा, हे त्यांना माहीत होते. ते अंत्यविधीला आले नव्हते पण रजा त्यांनीच मंजूर केली होती.

“दुरुस्ती कशाची?” ते म्हणाले.

“इशारा वगळल्याची.”

“वगळणं ही चूक नसते. वगळणं हे संपादन असतं.” मग जरा मऊ आवाजात, “आपण खोटं काय लिहिलं, सांगा. ढग होते? होते. हवा छान होती? तीनपर्यंत होती.”

“सर, माणूस गेला.”

“मला दुःख आहे. पण अंदाजाला दुरुस्ती नसते. आज ही छापली तर उद्यापासून लोक चौकट वाचताना घाबरतील. एका माणसासाठी मी लाखभर लोकांची सकाळ नासवू?” त्यांनी कागदाची नीट चौघडी केली आणि माझ्या हातात परत दिली. नंतर त्यांनी मंदाला स्वतःच्या अक्षरात पत्र पाठवले. त्यात शेवटचे वाक्य होते, ‘दुःखाचे हे ढग लवकरच सरतील आणि आपल्या अंगणात पुन्हा सोनेरी ऊन पडेल.’ मंदाने मला ते पत्र दाखवले आणि विचारले, “दादा, हा माणूस बरा हाय ना?” तिला खरेच कळत नव्हते. मी म्हटले, बरा आहे, असाच आहे.

संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, वृत्तसंपादकांचा निर्णय. मी नोकरी सोडली नाही. पुढची सात वर्षे त्याच टेबलावर बसलो. दर वर्षी दसऱ्याच्या आधी मी त्या दोन ओळी नव्याने टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेवत असे आणि संध्याकाळपर्यंत त्या चौघडी होऊन परत येत. आम्ही त्यावर बोलत नसू. इतर सगळ्यावर बोलत असू. मथळे, पगारवाढ, कॅन्टीनचा चहा. बाहेरून कुणाला काही कळले नसते. चार वाजताचे फोन मी चालू ठेवले, फरक इतकाच की पत्रक आता मोठ्या आवाजात वाचायचो. ते ऐकत आणि लाल शाईने खोडत राहत. निवृत्तीच्या समारंभात वक्त्यांनी त्यांना ‘हवामान माणसाळवणारा माणूस’ म्हटले. उत्तराच्या भाषणात ते म्हणाले, “मी आयुष्यात कुणाचीही सकाळ खराब केली नाही.” टाळ्या बराच वेळ वाजल्या. निवृत्तीनंतर ते हेच व्हॉट्सअॅपवर करू लागले. रोज सकाळी सहाला सूर्यफुलाच्या चित्राखाली हवामान. मी त्या यादीत होतो. बाहेर पडलो नाही; काय खोडले आहे ते रोज मूळ पत्रकाशी ताडून बघायची मला सवय लागली होती.

गेल्या वर्षी त्यांना पोटाचे दुखणे निघाले. मुलगी अनघा इथेच इंदिरानगरला असते, ती त्यांना आपल्याकडे घेऊन आली. मी एकदाच भेटायला गेलो, मृत्यूच्या दीड महिना आधी. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, खूप वाळले होते. त्याच सकाळी डॉक्टरांकडून आले होते. अनघा चहा करायला उठली तशी मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. डॉक्टर काय म्हणाले, म्हणून विचारले. ती म्हणाली, “डॉक्टर फार छान बोलतात हो. म्हणाले, थोडी सूज आहे, औषधांनी आराम पडेल, काळजी करू नका. बाबा असे भडकले! मी आयुष्यात त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, मला गोड बोलू नका. रिपोर्टमध्ये जे शब्द आहेत तेच वाचून दाखवा. माझं शरीर आहे, मला माहीत असायला हवं, मला माझी तयारी करायची आहे.” अनघा हसली, कौतुकाने. “शेवटी पत्रकारच ना...”

मी चहा घेतला नाही. बाहेर आलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हटले, “सर, मंदाची ओळ राहिली आहे.” त्यांना आठवायला वेळ लागला नाही. ते म्हणाले, “अजून तेच धरून बसलात? आयुष्य पुढे जातं.” मी म्हटले, “तिचं गेलेलं नाही. सासू अजून आहे.” त्यांनी डोळे मिटले. झोपले नव्हते, कारण पांघरूण ओढून घेतले. तीच आमची शेवटची भेट.

त्यांच्या निधनानंतर महिन्याभराने अनघाने मला बोलावले. बाबांची कागदपत्रे एखाद्या वाचनालयाला द्यायची आहेत, काय ठेवण्यासारखे आहे ते बघून सांगा, म्हणाली. त्यांच्या जुन्या घरी, मागच्या खोलीत, लोखंडी कपाटात बांधीव फायली होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर वर्ष. आत हवामान खात्याची मूळ पत्रके, तारखेप्रमाणे लावलेली, प्रत्येकावर लाल शाईच्या दुरुस्त्या. एकही दिवस गहाळ नव्हता. रोज संध्याकाळी ते कागद घरी आणत आणि लावत असणार. मला वाटत होते तो पुरावा पुसला गेला. तो इथे अकरा वर्षे नीट भोके पाडून दोऱ्यात ओवलेला होता. खोलीत नॅप्थलीनचा वास होता. खुर्चीची गादी मध्ये दबलेली होती. मी ते वर्ष काढले, आश्विन महिन्यापर्यंत आलो आणि ते पान सापडले. लाल रेघ सरळ होती, पट्टी लावून मारलेली. समासात त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘सण आहे. वीज नको.’

अनघा माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिला मंदाचे काही माहीत नव्हते. मी सांगितले, या लेखात आहे तेवढेच, याहून कमी शब्दांत. ती त्यांच्या खुर्चीत बसली. म्हणाली, “मी त्यांच्याकडूनच वाचायला शिकले.” मग विचारले, “छापणार?”

“हो.”

“ते गेल्यावर?”

“ते असताना सात वेळा ठेवलं होतं.”

ती रडली नाही, मला जा असेही म्हणाली नाही. फाइलची गाठ सुटत नव्हती, ती तिनेच नखांनी सोडवली आणि पान काढून दिले. “मग कागदावर आहे तसं छापा,” ती म्हणाली. “तुमच्या शब्दांत नको. त्यांच्याही नको.”

ते पान या पुरवणीच्या संपादकांनी पाहिले आहे. अंक सायखेड्याच्या बाजूला सकाळी सातच्या गाडीने जातो. सोसायटीच्या ओट्यावरही आता आमचा पेपर येतो. मंदाची सासू ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू तिला चांगले येते. कुणीही वाचून दाखवावे.

अकरा वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीसाठी आदल्या दुपारी आलेले पत्रक असे होते: ‘नाशिक जिल्हा. उद्या दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह मध्यम पाऊस आणि सोसाट्याचा वारा. शेतातील कामे दुपारपूर्वी उरकावीत. विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नये.’

या दैनिकाने छापले ते असे: ‘सणाच्या तोंडावर ढगांची सुखद सावली. दुपारनंतर हलक्या सरींचा शिडकावा. फूलतोडणीला दिवसभर आल्हाददायक हवा.’

मंदाने जे छापले होते ते अक्षर न् अक्षर बरोबर वाचले होते.